‘द अपार्टमेंट’ कसा पाहावा

दिग्दर्शक बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) विनोदी चित्रपटांच्या यादीत असतो, म्हणून तो जेवता जेवता लावला जातो. मग मध्यावर नाताळची रात्र येते आणि पाहणारे गोंधळतात: हे एवढं गंभीर कधी झालं? ते सुरुवातीपासूनच गंभीर असतं. आपण हसत असतो, एवढंच.

लांबी १२५ मिनिटं, ती सलग काढा. थांबायचंच असेल तर ऑफिसातल्या नाताळच्या पार्टीआधी थांबा, नंतर नको. त्याच रात्री झोपेच्या गोळ्या घेऊन आत्महत्येचा प्रयत्न होतो. सोबत बसणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

चित्रपट कृष्णधवल आणि रुंद पडद्याचा, २.३५:१, म्हणजे उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त रुंद. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या. झूम केलंत तर दोन्ही कडा कापल्या जातात, आणि माणसाचं एकटेपण वाइल्डर त्या रिकाम्या कडांमधूनच दाखवतो. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सेटिंग) बंद करा, पिक्चर मोड ‘सिनेमा’वर ठेवा. फोनवर तर पाहूच नका. विमा कंपनीचं ते अवाढव्य ऑफिस कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्राउनर यांनी मागे मागे लहान होत जाणारी टेबलं मांडून उभारलं होतं. ती खोली छोट्या पडद्यावर सपाट होते. संवाद झरझर जातात, तेव्हा सबटायटल्स लावा.

आता आकडे ऐका. त्या विमा कंपनीतला साधा कारकून बॅक्स्टर (जॅक लेमन) हा नायक. त्याचा पगार आठवड्याला ९४ डॉलर ७० सेंट, घरभाडं महिन्याला ८५ डॉलर. बढतीच्या आशेवर तो हे घर चार वरिष्ठांना त्यांच्या भानगडींसाठी आळीपाळीने देतो. तापाने फणफणलेला असताना तो फोनवरून सगळ्यांच्या तारखा पुढेमागे करतो, तो प्रसंग धमाल आहे. पण तो नेमकं मागतोय काय? स्वतःच्या पलंगावर एक रात्र झोपायची परवानगी. इथून पुढे दर वेळी हसू आलं की हाच प्रश्न विचारा: याची किंमत कोण देतंय?

वस्तूंवर नजर ठेवा. घराची किल्ली, टेनिसची रॅकेट, बॅक्स्टरची नवी हॅट, शंभर डॉलरची नोट. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे पावडरच्या डबीतला तडा गेलेला आरसा. तो पहिल्यांदा कुठे दिसतो आणि नंतर कुणाच्या हातातून येतो, हे निसटलं तर चित्रपटातला सर्वोत्तम क्षण निसटला. तिथे समजावून सांगणारं कुणी नाही. लेमनचा चेहरा पाहा.

दोन चुका हमखास होतात. लेमन इतका लोभस आहे की बॅक्स्टरला निर्दोष मानलं जातं. तो या व्यवहारातला भागीदार आहे. उलट साहेब शेल्ड्रेकला (फ्रेड मॅकमरी) खलनायक ठरवून लोक मोकळे होतात. त्याचं सभ्य, घाईतलं, घड्याळाकडे बघणारं वागणं नीट पाहा. ऑफिसात लिफ्ट चालवणाऱ्या आणि या विवाहित साहेबाच्या प्रेमात असलेल्या फ्रॅनला (शर्ली मॅक्लेन) त्याची भीती वाटत नाही, आशा वाटते. तेच तिला महागात पडतं.

काही दिवसांनी पहिली वीस मिनिटं पुन्हा लावा आणि फक्त शेजारच्या डॉक्टरकडे लक्ष द्या. भिंतीपलीकडचे आवाज ऐकून तो बॅक्स्टरला बायकांच्या मागे लागणारा रंगेल माणूस समजतो, मेल्यावर देह विद्यापीठाला दे म्हणतो. पहिल्यांदा तो निव्वळ विनोद वाटतो. पण नाताळच्या रात्री बॅक्स्टर धावत जातो तो याच डॉक्टरच्या दारावर, आणि तेव्हाही डॉक्टरचा तो गैरसमज कायम असतो.