रेझ्युमेत कामाचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात तीन वर्षं डिस्पॅच सांभाळलेला मुलगा परवा रेझ्युमे दाखवायला आला. पाच-सहा ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून फोन नाही. अनुभवाच्या जागी एकच ओळ होती: ‘रिस्पॉन्सिबल फॉर डिस्पॅच वर्क’. रोज काय करायचास, असं विचारलं तर सांगत सुटला. ‘काका, सकाळी पाच-सहा गाड्या लागायच्या. बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायच्या, माल नेण्यासाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन ई-वे बिल काढायचं, ड्रायव्हरजवळ कागद द्यायचे, संध्याकाळी पोचपावत्या जुळवायच्या.’ एवढं सगळं तोंडी, आणि कागदावर त्यातलं काहीच नाही. मला फार वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हटलं की तुमच्याकडे काय सोपवलं होतं तेवढंच कळतं. तुम्ही काय केलं ते कळत नाही. ओळीची सुरुवात क्रियापदाने करा: प्रिपेअर्ड, चेक्ड, रिपेअर्ड, रिकन्साइल्ड. रेझ्युमे इंग्रजीत द्यायचा असला तरी आधी मराठीत लिहून काढा. ‘रोज 5-6 ट्रकच्या बिल्ट्या आणि ई-वे बिलं तयार केली, संध्याकाळी पोचपावत्या जुळवल्या.’ हे वाक्य इंग्रजीत नेणं सोपं आहे. परराज्यात जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुमची ओळ वाचूनच त्याला कळतं की या पोराने हे काम हाताने केलेलं आहे.

फोन येतो, पण मुलाखतीत पाच मिनिटांत गाडी अडते? मग बहुतेक शब्द कामापेक्षा मोठे झालेत. अकाउंट्समध्ये मदतनीस होतात आणि ‘मॅनेज्ड जीएसटी’ लिहिलंत, तर समोरचा विचारणारच: दरमहा रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाची, तारीख कोणती, आणि कर भरायच्या 3बी ची कोणती? 11 आणि 20 ही उत्तरं जिभेवर नसतील तर पुढचा सगळा रेझ्युमेच खोटा वाटायला लागतो. मदत केली असेल तर ‘असिस्टेड’ लिहा. खरेदीची बिलं टॅलीत चढवली, विक्रीची यादी जुळवून दिली, असं नेमकं लिहिलं की ‘असिस्टेड’लाही वजन येतं. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आकडे द्यावेत, पण आठवत नसलेला आकडा घडवू नका. ‘कार्यक्षमता 40 टक्के वाढवली’ असं लिहिणाऱ्याला ती मोजली कशी, हे सांगता आलं पाहिजे. आकडा नसेल तर मशीनचं नाव, शिफ्ट, हाताखालची माणसं, सॉफ्टवेअर, यातलं जे खरं असेल ते द्या.

कंपनीतले लघुशब्दही घात करतात. बुटीबोरीच्या कारखान्यातल्या फिटरसाठी ‘पीएम’ म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. मिहानमधल्या आयटी कंपनीत तोच ‘पीएम’ प्रोजेक्ट मॅनेजर होतो. आणि अर्ज आधी वाचते ती एचआरची व्यक्ती, तिने तुमचं वर्कशॉप पाहिलेलं नसतं. एकदा तरी पूर्ण शब्द लिहाच.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा. तिथे ‘इन्व्हेंटरी’ असेल आणि तुम्ही फक्त ‘स्टोअरचं काम’ लिहिलं असेल, तर शब्द शोधून अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला तुम्ही दिसणारच नाही. काम तेच केलं असेल तर त्यांचा शब्द वापरा. डीटीपीच्या दुकानातून मिळणाऱ्या चौकटी-तक्त्यांच्या नमुन्यांतला मजकूरही या सॉफ्टवेअरला कधीकधी वाचता येत नाही, म्हणून साधी मांडणी बरी. सोडलेल्या नोकरीला भूतकाळ, चालू नोकरीला वर्तमानकाळ. एकाच नोकरीत दोन्हींची मिसळ नको.

त्या मुलाच्या रेझ्युमेत आता अनुभवाच्या चार ओळी आहेत. पाचवी त्याने काल फोनवर सांगितली: दिवाळीच्या गर्दीत दोन नव्या पोरांना कागदपत्रांचं काम त्यानेच शिकवलं होतं. ‘हे पण लिहायचं असते का, काका?’ म्हटलं, लिही बाबा. शिकवलं म्हणजे ‘ट्रेन्ड’, त्याने सुरू कर, आणि दोघं होते तर 2 हा आकडा टाक.