माळावर पक्षी परत हवेत? मग या चुका टाळा

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, पण माळाला 'पडीक' म्हणायची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. आणि पडीक म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: झाडं लावा! सगळ्यात महागडी चूक हीच.

माळढोक, धाविक, चंडोल, माळटिटवी, सगळे जमिनीवर अंडी घालणारे. माळढोकाची मादी तर बहुधा एकच अंडं घालते. त्यांना चहूकडे लांबवर दिसलं पाहिजे. मधेच झाड आलं की कावळ्याला टेहळणीची आयती जागा मिळते.

सोलापूरकडच्याच एका माळावर एका कंपनीची मंडळी टोप्या-टीशर्ट घालून वृक्षारोपणाला आली. जेसीबीनं खड्डे, त्यात कडुनिंब, करंज, गिरिपुष्प. मी म्हटलं, "साहेब, इथं धाविक आहे." साहेब म्हणाले, "झाडं आली की पक्षी येणारच की!" आले ना. कावळे आणि साळुंक्या. उकरलेल्या मातीवरचं पवन्या गवत गेलं, गाजरगवत माजलं. उन्हाळ्यात टँकर बंद झाला तसा कडुनिंब वाळला, गिरिपुष्प मात्र तगलं. कडेच्या दगडगोट्यांत माळटिटवी अंडी घालायची. खड्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दोनेक वर्षांनी तिथं कवचाचे तुकडे होते आणि वर फांदीवर कावळा. फोटो मात्र झकास आले होते.

तेव्हा माळावर झाड लावायचंच नाही. बोर, तरवड, हेकळ जिथं यायची तिथं आपली आपण येतात.

पाणी अडवायला खणतात ते सलग समतल चर डोंगरउतारावर ठीक. चांगल्या गवताच्या माळावर ते खणणं म्हणजे गवताची मुळंच उपसणं.

डब्यातली उरलेली पोळी तिथं टाकू नका. कुत्री येतात, आणि आली की घरट्यांवरही जातात.

दुसरी डोकेदुखी, माळभर पसरणारी परदेशी वेडी बाभूळ. उत्साही पोरं येतात, कोयत्यानं सपासप तोडतात, घामाघूम होऊन सेल्फी काढतात. पाऊस पडला की एका खोडाच्या जागी दहा फुटवे. ती वरून तोडून मरत नाही, बुंध्याखालची गाठ मुळासकट उकरावी लागते. मी हे काम पावसाळा सरल्यावर, ओल असेपर्यंत करतो; तोवर पावसाळ्यातली बहुतेक घरटी रिकामी झालेली असतात. पहारीनं दिवसभरात थोडीच निघतात. ज्यांना संध्याकाळपर्यंत माळ 'साफ' हवा असतो, त्यांना मी बोलावतच नाही. या बाभळीला शेंगा धरल्या असतील त्या माळात गुरं सोडू नका, शेणातून बी गावभर जातं.

बियाण्यातही शॉर्टकट आहेच. बाजारातून स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी आणून फेकायचं. हिरवं लवकर दिसतं, पण ते परदेशी. चाऱ्यासाठी असेल चांगलं, आपल्या माळाचं नव्हे. मी दिवाळीच्या आगेमागे जवळच्याच चांगल्या माळावरून पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचं बी गोळा करतो. मुठीत चोळल्यावर बी सुटलं तर तयार, ओढावं लागलं तर परत फिरायचं. हलकं बी वाऱ्यानं उडतं, म्हणून माती-शेणात कालवून पहिल्या पावसाआधी उघड्या चट्ट्यांवरच टाकायचं. नांगर नको, खत नको. पहिल्या वर्षी फारसं दिसत नाही, म्हणून त्यावर पुन्हा काहीतरी पेरू नका.

आणि गवत कापायचं तर पट्ट्यापट्ट्यानं. अख्खा माळ एकदम भादरला, तर लावा-तित्तरांनी लपायचं कुठं?