हायड्रोजन बंधावर विद्युतक्षेत्र लावताय? आधी या चुका टाळा

"सर, क्षेत्र लावलं की बंध दुप्पट बळकट होतो!" असं म्हणत कोणी संगणकावरच्या गणनेचा आलेख पुढे सरकवला की मी आधी एकच विचारतो: मोनोमर, म्हणजे बंधातले सुटे रेणू, कुठल्या क्षेत्रात मोजलेस? पुढे बहुतेक वेळा शांतताच.

आमच्याकडे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेल्या मुलीनं पाण्याच्या डायमरवर (हायड्रोजन बंधानं जोडलेल्या दोन रेणूंवर) त्याच्या डायपोलच्या, म्हणजे धन-ऋण भारांच्या फारकतीच्या, दिशेनं 0.01 अॅटॉमिक युनिट क्षेत्र लावलं. एरवी पाच किलोकॅलरीच्या आसपास असणारी बंधाची ऊर्जा बारा आली. पोस्टर छापूनही झालं होतं. मी चहा पिता पिता पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. डायमरचा डायपोल 2.6 डिबाय (डायपोलचं एकक). एका डिबायला दर नॅनोमीटरला एक व्होल्टच्या क्षेत्रात 0.48 किलोकॅलरी मिळते, आणि 0.01 युनिट म्हणजे तसे 5.14 व्होल्ट. उत्तर 6.4. उरलेलं थोडंफार इलेक्ट्रॉनचा ढग ताणला गेल्याचं. म्हणजे ते जादाचे सात बहुतांशी बंधाचे नव्हतेच! बंधाची ऊर्जा म्हणजे डायमर आणि सुटे मोनोमर यांच्या ऊर्जांतला फरक; तिनं डायमर क्षेत्रात मोजला होता आणि वजा केलेले मोनोमर क्षेत्राबाहेरचे.

दुसऱ्या खेपेला तिनं मोनोमरलाही क्षेत्र लावलं, तरी आकडे वेडेवाकडेच. प्रोग्रॅमनं प्रत्येक रेणू आपल्या सोयीनं फिरवून घेतला होता, त्यामुळे क्षेत्र भलत्याच दिशेनं लागलं. शेवटी ऊर्जा आली सहाच्या आसपास. बंध बळकट झाला होता, पण एखाद्या किलोकॅलरीनं.

माझी सवय सांगतो. मोनोमरची फाइल नव्यानं बनवायचीच नाही. डायमरची फाइल कॉपी करायची, एका रेणूचे अणू घोस्ट करायचे (केंद्रक आणि इलेक्ट्रॉन काढायचे, त्यांची गणिती फंक्शनं तिथंच ठेवायची), दुसऱ्याच्या कोऑर्डिनेट्सना हात लावायचा नाही, सिमेट्री बंद, म्हणजे प्रोग्रॅम रेणू फिरवत नाही. बेसिस सेटच्या (याच फंक्शनांच्या संचाच्या) उसनवारीची दुरुस्तीही त्यातच होऊन जाते. दहा मिनिटं वाचवायला स्क्रिप्ट शोधणाऱ्यांनी हे आधी एकदा हातानं करावं.

दिशेचं काय? भौतिकवाले डायपोलचा बाण ऋणाकडून धनाकडे काढतात, रसायनवाले उलटा, आणि गॉसियन या गणनेच्या प्रोग्रॅममध्ये क्षेत्राचं अधिक-उणे चिन्ह नेहमीच्या भौतिकी पद्धतीच्या उलट. मॅन्युअलवर वाद घालत बसू नका. हायड्रोजन फ्लोराइड झेड अक्षावर ठेवा, अधिक आणि उणे दोन्ही क्षेत्रं लावा, ऊर्जा कुठं उतरते ते बघा. नवा प्रोग्रॅम हाती आला की मी अजूनही हेच करतो.

एककं: गॉसियनमध्ये झेड+100 म्हणजे 0.01 युनिट, शंभर नव्हे. हवा साधारण 30 लाख व्होल्ट प्रति मीटरला फुटते, तुमचं क्षेत्र त्याच्या सतराशे पट आहे, एवढं तरी लक्षात असू द्या. एन्झाइमच्या आत याहूनही मोठी क्षेत्रं मोजली गेली आहेत, तेव्हा आकडा अवास्तव नाही. पण डिफ्यूज (दूरवर पसरणारी) फंक्शनं घालून तो वाढवत नेलात की इलेक्ट्रॉन रेणू सोडून पळतो, आणि मग कन्व्हर्जन्स होत नाही, गणना स्थिरावत नाही म्हणून माझ्याकडे येऊ नका.

क्षेत्रात ऑप्टिमायझेशन (कमीत कमी ऊर्जेची रचना शोधणं) केलंत तर शेवटची भूमिती उघडून बघा. डायमर अख्खाच्या अख्खा वळून बसतो, मग बंधाच्या दिशेचं क्षेत्र बंधाच्या दिशेचं राहत नाही.

रेणूंमधली कमजोर डिस्पर्शन ओढ धरण्यासाठी जोडली जाणारी डी3 दुरुस्ती फक्त भूमिती बघते, क्षेत्र तिला दिसत नाही.

आयन असेल तर ऊर्जा ओरिजिन (अक्षांचा शून्यबिंदू) कुठं आहे त्यावर बदलते. ओरिजिन हलवू नका, नाहीतर क्लोराइडचा बंध मनाला येईल तेवढा बळकट करून दाखवता येईल. एकानं दाखवलाही होता.