चकाकी टिकवायची असेल तर: पितळ आणि चांदीच्या लहान कामातील माझा अनुभव

सांगलीच्या सराफ कट्ट्याजवळील एका लहान कारखान्यात मी पितळेची कानातली, चांदीची पदके आणि कुंकवाचे करंडे घडवायला शिकले, तेव्हा माझी ठाम समजूत होती की चकाकी बफच्या, म्हणजे फिरत्या कापडी चाकाच्या, मशीनमधून येते. तिथले ज्येष्ठ कारागीर, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू, त्यांनी मला पहिले दोन महिने बफला हातही लावू दिला नाही. त्या दोन महिन्यांत मी फक्त कानस आणि पॉलिश पेपर चालवला. आज नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी तेच करायला सांगते, कारण चकाकीचा मोठा भाग कागदावरच तयार होतो.

धातू चमकतो म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश न विखुरता एकाच दिशेने परततो, आणि त्याला विखुरणारे असतात ते ओरखडे. कानशीचा ओरखडा 220 नंबरच्या कागदाने काढायचा, 220 चा 400 ने, पुढे 600, 800, 1000 आणि 1200, असा हा क्रम आहे; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. यातला एकही टप्पा गाळून चालत नाही. प्रत्येक नव्या कागदाबरोबर घासण्याची दिशा आधीच्या दिशेशी काटकोनात बदलावी. उभे घासल्यावर एकही आडवी रेघ दिसत नसेल, तरच आधीचा टप्पा संपला असे समजावे. हे तपासण्यासाठी तात्या वस्तू खिडकीपाशी नेत आणि नखाएवढ्या पदकावर तिरपा उजेड पाडून ते इतके सावकाश फिरवत की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. मग मला गुळगुळीत वाटलेल्या जागी एखादी केसासारखी रेघ उठून दिसे आणि ते काही न बोलता मला 400 चा कागद परत देत. ती रेघ तशीच ठेवून बफ केला तर ती जात नाही. तिच्या कडा गोल होतात, ती रुंद होते आणि चकाकीमुळे अधिकच डोळ्यांत भरते.

बफच्या कामाला मात्र फार वेळ लागत नाही. आधी बफला तपकिरी ट्रिपोली ही थोडी भरड पॉलिशची वडी लावायची, मग वस्तू साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुऊन दुसऱ्या स्वच्छ कापडी बफवर लाल रूज, ही शेवटची चकाकी देणारी अगदी बारीक वडी. दोन्हींचे बफ वेगळेच हवेत, कारण ट्रिपोलीचा एक कण रूजच्या बफवर गेला तरी नवे ओरखडे पडतात. बफवर वस्तू रेंगाळली की नक्षीच्या कडा झिजतात, कोरलेली पाकळी सपाट होते. मशीनसमोर केस बांधलेले असावेत, तोंडाला धूळ अडवणारा मास्क असावा, वस्तू चाकाच्या आपल्याकडील खालच्या भागावर धरावी आणि साखळी मोकळी सोडून कधीही बफ करू नये, कारण ती गुंडाळली गेली तर बोटेही सोबत ओढली जातात. चांदीच्या बफची धूळ टाकायची नसते. ती साठवून गलाईला, म्हणजे वितळवून शुद्ध धातू वेगळा काढायला, द्यायची. खानापूर, आटपाडी आणि तासगाव भागांतील गलाईवाले देशभर पसरले आहेत, ते अशा धुळीतूनच तर चांदी काढतात.

ज्या वस्तूंच्या खाचांत बफ पोहोचत नाही त्यांच्यासाठी ड्रम वापरावा. सांगलीकरांना हळद पॉलिशचा ड्रम ठाऊक असतो, त्यात हळकुंडे एकमेकांवर घासून वरची साल निघते. आमच्या ड्रममध्ये स्टेनलेस स्टीलच्या बारीक गोळ्या, पाणी आणि साबणाचे थोडे थेंब असतात. या गोळ्या धातू खरवडत नाहीत, ठोकून दाबतात, त्यामुळे पृष्ठभाग चमकतो आणि थोडा कठीणही होतो. जुने कारागीर अकीक या कठीण दगडाच्या ओपणीने धातू दाबून घासत आणि ओप, म्हणजे चकाकी, देत, तेही हेच दाबण्याचे काम. मात्र खोल ओरखडे ड्रमने जात नाहीत.

आता टिकण्याविषयी. पितळेत तांबे आणि जस्त असते, 92.5 टक्के चांदीतही उरलेले बहुतेक तांबेच असते, आणि हवेतील गंधकयुक्त वायू, दमटपणा व घाम यांनी दोन्ही काळवंडतात. पितळ उजळायला चिंच चालते, पण त्यात ते फार वेळ राहिले तर लालसर पडते. पितळेवर म्हणूनच लॅकर, म्हणजे वाळून कडक होणारा पारदर्शक लेप, देतात. माझी पहिली मोठी ऑर्डर याच टप्प्यावर बिघडली. ऐन आषाढात, बाहेर पावसाची झड लागलेली असताना मी चाळीस कानातल्यांवर लॅकर फवारले आणि अर्ध्या तासात सगळ्यांवर दुधी पडदा आला. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते. सगळे लॅकर थिनरने उतरवून मला पुन्हा रूजपासून सुरुवात करावी लागली. आता पावसाळ्यात मी वस्तू आधी किंचित कोमट करते, कोरड्या बंद खोलीत फवारते, आणि झड असेल तर काम पुढे ढकलते.

लॅकरपूर्वी तेलकटपणा पूर्ण जायला हवा. धुतलेल्या वस्तूवर पाण्याचा पापुद्रा अखंड पसरला तर ती स्वच्छ; थेंब थेंब होऊन तुटला तर पुन्हा धुवावी. नंतर ती कोरड्या, कोमट लाकडी भुशात वाळवावी आणि फक्त कडेने धरावी, कारण बोटाचा ठसा लॅकरखाली राहिला तर काही महिन्यांनी तोच काळा होऊन वर दिसतो. अंगठीसारख्या सतत घासणाऱ्या वस्तूंवर लॅकर सोलते, तिथे मी मेणाचा पातळ हात देते आणि तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागेल असे गिऱ्हाइकाला आधीच सांगते. चांदी रबरबँडजवळ ठेवू नये, रबरातील गंधक तिला काळी करते. घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी उत्तम.

प्रत्येक लॉटमधला एक नग मी मागे ठेवते, त्याच्या चिठ्ठीवर तारीख, शेवटचा कागद आणि लॅकर की मेण हे लिहून तो खिडकीच्या गजाला टांगते, आणि नवीन शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी त्या गजापाशी उभे करते.