सायलेन्सरच्या धगीपासून मागचा ट्रेलर कसा वाचवावा

जुन्या डिझेल गाडीचा एक फायदा होता. ट्रेलरच्या ज्या जागी सायलेन्सरचा धूर बसायचा, तिथं काळा डाग पडायचा आणि मालकाला आपोआप कळायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांच्या धुरात काजळी जवळपास नसते. धग मात्र असते, आणि काही वेळा आधीपेक्षा जास्त असते. त्यामुळे आता ताडपत्री वितळेपर्यंत किंवा फायबरच्या पत्र्याला फुगा येईपर्यंत काहीच दिसत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात पिकअप किंवा ट्रकमागे जनरेटर, कॉम्प्रेसर, काँक्रीट मिक्सर, खाऊगाडी, मंडपाचं सामान असं काही ना काही जोडलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ट्रॅक्टरचा प्रश्न थोडा वेगळा आहे, तो पुढे येईल.

आधी धग येते कुठून ते बघू. बीएस-६ गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून आतली काजळी जाळते. ड्रायव्हर लोक याला ‘रिजन’ म्हणतात. त्या वेळी जाळीत साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअस तापमान असतं. पाइपाच्या तोंडाशी येईपर्यंत ते उतरतं, पण पुढे कोण उभं आहे तेही बघा. ताडपत्रीचं प्लास्टिक १३० अंशांच्या आतच वितळतं. साध्या वायरचं पीव्हीसी आवरण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं. फायबरचं बॉडीकाम शंभराच्या आसपास नरम पडायला लागतं. गाडी पळत असताना वारा ही धग फाकवून टाकतो. खरं नुकसान होतं ते गाडी उभी असताना, इंजिन चालू आणि रिजनही चालू असेल तेव्हा. वीस मिनिटं एकाच जागेवर गरम झोत बसतो.

पहिलं काम गाडी पूर्ण थंड असताना करायचं. ट्रेलर जोडा, नेहमीचा माल भरा आणि सपाट जागेवर उभा करा. रिकामा ट्रेलर जोडून बघण्यात अर्थ नाही, कारण भार पडला की हूक खाली दबतो आणि सगळी रेषा बदलते. आता सायलेन्सरच्या तोंडात एक सरळ काठी घाला आणि ती जिकडे बोट दाखवते त्या जागी खडूने खूण करा. झोत पुढे जाताना पसरतो, म्हणून खुणेच्या चारी बाजूंनी हातभर जागा धरा. मग गाडी डावीकडे पूर्ण वळवून बघा, उजवीकडे वळवून बघा. अरुंद गल्लीत वळण घेताना ट्रेलरचा कोपरा पाइपाच्या किती जवळ येतो, ते बघून बरेच जण चकित होतात.

त्या पट्ट्यात काय काय येतं ते वाकून, टॉर्च लावून पाहा. लाइटची वायर आणि तिचा प्लग, ब्रेकचा होज, पुढचा टायर, ताडपत्रीचं लोंबणारं टोक, प्लायवूडची फरशी, जनरेटरची डिझेल टाकी. खाऊगाडीत गॅसची टाकी पुढच्या बाजूला बसवायची पद्धत आहे. ती या पट्ट्यात असेल तर बाकी काहीही करण्याआधी ती मागे हलवा. इथे ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालणार नाही.

मग खऱ्या तापमानाची परीक्षा. खुणेच्या जागी जुन्या ताडपत्रीची वीतभर पट्टी तारेने बांधा आणि भरलेला ट्रेलर घेऊन तवंदी किंवा वंटमुरी घाटाची चढण चढा. पुढे सुरक्षित मोकळ्या जागी थांबून पट्टी बघा. आकसली, कडक झाली किंवा चकाकी गेली असेल तर तिथं धग पोचते आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी लेझरची तापमान-बंदूक असेल तर उत्तम. फक्त चकचकीत स्टीलवर ती तापमान खूप कमी दाखवते, म्हणून मापायच्या जागी काळा मॅट रंग मारून घ्या. घाटातली परीक्षा पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण त्या वेळी रिजन चालू असेलच असं नाही. रिजन ओळखायचं कसं? गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढलेला असतो, पंखा जोरात फिरतो, ॲव्हरेज एकदम पडलेलं दिसतं आणि जळका वास येतो. काही गाड्यांत डॅशबोर्डवर दिवाही लागतो. अशा वेळी बाजूला उभं राहून मापा, पाइपासमोर वाकू नका.

आता दुरुस्ती. इथे लोक थेट सायलेन्सर कापायला धावतात, आणि तेच शेवटी करायचं काम आहे. आधी जे हलवता येतं ते हलवा. वायरिंग पाइपाच्या विरुद्ध बाजूने न्या, ताडपत्रीची टोकं आत दुमडून बांधा, होजला नवी क्लिप मारा. नवा ट्रेलर बनवून घेत असाल तर ओढायचा दांडा थोडा लांब ठेवायला सांगा. अंतर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पाइपाचं तोंड वळवायचंच असेल तर फक्त शेवटचा तुकडा वळवा. मिस्त्री म्हणेल, “अण्णा, सरळ खाली वाकवून देतो की, दहा मिनिटांचं काम.” देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नसतो. तो मागे किंवा उजवीकडे जायला हवा. शिवाय खाली वळवलेला झोत रस्त्याकडेच्या वाळक्या गवतावर पडतो. पाइप अरुंदही करायचा नाही, त्याने इंजिनावर उलटा दाब येतो. काही गाड्यांच्या पाइपाच्या टोकाला फटी असलेला रुंद तुकडा असतो. तो बाहेरची हवा ओढून धूर थंड करण्यासाठी दिलेला असतो. शोभेची नळी बसवायला तो कापला तर कंपनीने केलेली सोयच गेली. आणि डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या गॅरेजला पुन्हा जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही जाते.

एवढं करूनही धग पोचत असेल तर पत्र्याचा आडोसा करायचा. यात माझं मत ठाम आहे. ट्रेलरच्या बॉडीला चिकटवून मारलेला पत्रा म्हणजे नुसतं समाधान. पत्रा तापतो आणि ती धग मागच्या फायबरला जशीच्या तशी देतो. पत्रा आणि बॉडी यांच्यात किमान २५ मिलिमीटर फट हवी, तीही वरून आणि खालून उघडी, म्हणजे आतली गरम हवा वर निघून जाईल आणि खालून थंड हवा येईल. स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा घरात पडलेला असतो म्हणून लावला जातो, पण त्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर येतो. फट राखायला बोल्टवर लोखंडी पाइपाचे छोटे तुकडे घाला. प्लास्टिकचे टाय वापरू नका, ते पहिल्या फेरीतच गळून पडतील. बेळगावच्या उद्यमबागेत शीट मेटलची कामं करणारे आहेत. कागदावर माप काढून नेलंत तर कडा वाकवून, भोकं पाडून मिळतात. पत्रा खडूच्या पट्ट्यापेक्षा चारी बाजूंनी मोठा ठेवा. मागच्या बाजूला सिरॅमिकचं ब्लँकेट लावलं तर आणखी चांगलं. वायर हलवता येत नसेल तर तिच्यावर फायबरग्लासची नळी चढवा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडक्यात. बहुतेक ट्रॅक्टरांचं धुरांडं उभं आणि पुढे असतं, त्यामुळे झोत ट्रॉलीवर बसत नाही. धोका ठिणगीचा आहे, विशेषतः ऊस, पाचट किंवा कडबा पुढे झुकवून भरला असेल तर. वाळलेली पाती अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे पेट घेतात, आणि काजळीची लाल ठिणगी त्याहून कितीतरी तापलेली असते. धुरांड्याला ठिणगी अडवणारी जाळी लावा आणि पुढचा झुकलेला माल छाटा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४, म्हणजे ट्रॅक्टरांच्या धुराचे नियम, लागू झाले. त्यातल्या काहींत डीपीएफही असतो. तुमच्यात आहे का, ते पुस्तिकेत बघा. फळबागेच्या काही छोट्या ट्रॅक्टरांचा सायलेन्सर आडवा, खालून असतो. त्यांना वरची सगळी परीक्षा लागू.

वापरताना पाळायची गोष्ट एकच, थांबण्याची जागा. कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं असेल तर इंजिन बंद करा. चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत गाड्या कापलेल्या रानात लावतात. खाली वाळकं गवत आणि धसकटं असतात. तिथं रिजन चालू असलेली गाडी उभी करू नये. आधी हायवेवर थोडं फिरवून रिजन पूर्ण होऊ द्या, मग आत घ्या. गाडीत रिजन थांबवायचं बटण असेल तर ते अशा जागेपुरतंच वापरा. सतत दाबत राहिलात तर जाळी तुंबते आणि वर्कशॉपचा खर्च वाढतो. उभ्या गाडीचं रिजन मुद्दाम करायचं असेल तर ट्रेलर सोडवून ठेवा आणि गाडी काँक्रीटवर किंवा मोकळ्या मुरमावर घ्या.

नुकसान आधीच झालं असेल तर नुसता रंग मारून झाकू नका. फायबर बोटाने ठोकून बघा, आत पोकळ आवाज आला तर तो भाग कापून नवा भरावा लागतो. कडक झालेली वायर वाकवल्यावर तडकत असेल तर पूर्ण लांबी बदला, मध्येच टेप नको. टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर तो टायर पुन्हा लोडखाली घालू नका. विम्याचा दावा करण्याआधी ट्रेलरचे कागद बघा. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, आणि ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीत तो आपोआप येईल असं धरून चालू नका. फोटो काढायचे ते दुरुस्तीच्या आधी, पाइप आणि खराब जागा एकाच चौकटीत येतील असे.

गाडीत एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवाच. मालाने पेट घेतला तर वाऱ्यावर गाडी पळवू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सुरक्षित असेल तरच ट्रेलरच्या हुकाची पिन काढून गाडी पुढे घ्या, आणि ११२ ला फोन लावा.