बेळगावचं बिऱ्हाड पुण्यात: खर्च कसा बसवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पुण्यात बिऱ्हाड हलवायचं ठरलं की फुकटचे सल्ले सुरू होतात. ‘लांब बघ जरा, स्वस्तात मिळतंय.’ ‘आधी एकटा जा, बायकापोरांचं मागनं बघू.’ सांगणारा बहुतेक वेळा बेळगावच्या टिळकवाडीत पंख्याखाली बसलेला असतो. आमच्या भागातली बरीच कुटुंबं मी धायरी, आंबेगाव, मोशीकडे लावून दिली, घरमालकांशी वाद घातले, शाळांच्या खिडक्यांवर उभी राहिले. त्यामुळे हे दोन्ही सल्ले मी ऐकूनच घेत नाही. लांबचं घर स्वस्त पडत नाही, हे खाली हिशेबानं दाखवते. आणि एकट्यानं राहणं म्हणजे दोन चुली, खानावळीचं बिल, दर पंधरवड्याला बेळगावचं तिकीट. पगार पुण्याचा असला तरी हातात काहीच उरत नाही. नोकरी पक्की असेल तर सगळ्यांनी एकदमच जावं, तेही एप्रिल-मे महिन्यात, शाळा बदलायच्या वेळेला.

आधी गावाकडच्या सवलती वजा करा

कर्नाटकात राहताना काही खर्च आपल्याला दिसतच नाहीत. 2023 पासून शक्ती योजनेत बाईमाणसाला राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही. गृहज्योतीमुळे 200 युनिटपर्यंत विजेचं बिल शून्य येऊ शकतं. गृहलक्ष्मीचे महिन्याला 2,000 रुपये घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात जमा होतात. पुण्याच्या महिन्याच्या खर्चात यातलं काहीही धरू नका. महावितरणचं बिल पहिल्या युनिटपासून भरायचं आहे. पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा, मासिक पास जून 2025 च्या भाडेवाढीत 1,500 रुपयांवर गेला, म्हणजे नवरा-बायको दोघंही बसनं जाणार असतील तर तिथेच 3,000. ‘तिकडं लाडकी बहीण मिळेल की’ असं म्हणणारे भेटतील. ती योजना महाराष्ट्रातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. नुकत्याच गेलेल्या बाईनं त्यावर हिशेब मांडू नये.

बीपीएल कार्ड मात्र फेकू नका. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत त्याच कार्डावरचं केंद्राचं धान्य पुण्यातल्या रेशन दुकानात अंगठा लावून उचलता येतं. सासू-सासरे गावी असतील तर त्यांच्या वाट्याचं त्यांनी तिथे उचलावं, तुमच्या वाट्याचं तुम्ही इथे.

घर: सगळा खेळ इथेच आहे

मलाही सुरुवातीला घाम फुटला तो इथेच, आणि आजही सगळ्यात जास्त वेळ मी याच कामाला देते.

आपली माणसं घर कुठे बघतात? हायवेनं ट्रॅव्हल्स जिथे उतरवते तिथे. कात्रज, आंबेगाव, नऱ्हे, धायरी. मामाचा मुलगा तिथे, गल्लीतला मित्र तिथे, मग आपणही तिथेच. नोकरी स्वारगेट किंवा सिंहगड रस्त्याच्या बाजूला असेल तर उत्तमच. पण नोकरी चाकणच्या कारखान्यात आणि घर नऱ्ह्यात, असं बिऱ्हाड मी लावून देत नाही. चाकण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. चाकणवाल्यानं मोशी-भोसरीकडे बघावं, हिंजवडीवाल्यानं वाकड परवडत नसेल तर थेरगाव किंवा पुनावळेकडे, हडपसरवाल्यानं मांजरीकडे. नातेवाईक रविवारी भेटतात. नोकरीवर रोज जायचं असतं.

आता हिशेब. समजा एक घर 13,000 भाड्याचं आणि दुसरं 17,000 चं. पहिलं कामापासून 25 किलोमीटर, दुसरं 6. पहिल्या घरातून रोजचं जाणं-येणं 50 किलोमीटर, दुसऱ्यातून 12. महिन्याचे 25 दिवस धरले तर फरक 950 किलोमीटरचा. दुचाकी लिटरला 45 देत असेल तर 21 लिटर पेट्रोल, म्हणजे 2,000 च्या वर. वर टायर, ऑइल, सर्व्हिसिंग. शाळा लांब म्हणून व्हॅन लावली की तिचे वेगळे. रात्री नऊला घरी पोचलेला माणूस भाजी निवडत बसत नाही, बाहेरून मागवतो. हे सगळं धरल्यावर ते 4,000 कुठे गेले, सांगा. म्हणून दलालाला भाडं विचारण्याआधी कागदावर तीन ठिकाणं लिहा: कामाचं गेट, मुलांची शाळा, जवळचा बस थांबा. या तिघांमध्ये जे घर बसतं तेच बघायला जायचं. बाकीच्या घरांचे फोटो कितीही गोड असोत, जायचं नाही.

भाड्याच्या आकड्यापाठोपाठ लगेच दुसरा प्रश्न: मेंटेनन्स धरून की सोडून? उत्तर तोंडी घेऊ नका, मेसेजवर लिहून घ्या.

आणि पाणी. बेळगावात राकसकोप धरणाचं पाणी चार दिवस आलं नाही तरी वडगाव-शहापूरच्या कितीतरी घरांच्या परसात विहीर असते. त्यामुळे पाण्यालाही पैसे पडतात, हे आपल्या डोक्यात येत नाही. पुण्याच्या कडेची बरीच गावं महापालिकेत अलीकडे आली आहेत, 11 गावं 2017 मध्ये, 23 गावं 2021 मध्ये. इमारती वर गेल्या, पाण्याच्या लाइनी मागे राहिल्या. उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्यांचा खर्च सोसायटी सभासदांवर टाकते. तो तुमच्या मेंटेनन्समध्ये शिरतो किंवा वेगळी वर्गणी म्हणून येतो.

म्हणून घर बघायला शक्यतो एप्रिल-मेमध्ये, दुपारी जा. हॉल किती मोठा, बाल्कनीतून काय दिसतं, हे दलाल दाखवेलच. तुम्ही सरळ न्हाणीघरात जा आणि नळ सोडा. नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या काठावर पांढरा थर बसलेला असेल तर बोअरचं जड पाणी आहे. मग पिण्याचे जार, गीझरची दुरुस्ती, सगळं आलं. खाली येऊन वॉचमनशी दोन शब्द बोला. ‘दादा, उन्हाळ्यात टँकर किती लागतात?’ घरमालक ‘कधीतरी एखादा’ म्हणतो, वॉचमन ‘रोज चार’ म्हणतो. वॉचमनचं धरा, गेट तो उघडतो. पिण्याचं पाणी कुठून येतं, टाकी कधी धुतली, हेही विचारा. 2025 च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे या नसांच्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा बोट पाण्याकडेच गेलं होतं. लहान मुलं असलेल्या घरानं या बाबतीत भिडेला पडू नये.

डिपॉझिट. बंगळूरला असलेल्या पाहुण्यांनी दहा महिन्यांच्या ॲडव्हान्सच्या गोष्टी सांगून घाबरवलेलं असतं. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्यावर बोलणी होतात. त्यात दलालाचं एक भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, सामानाचा टेम्पो आणि शाळेचा पहिला हप्ता मिळवा. भाड्याच्या सहापट रक्कम हातात असल्याशिवाय निघू नका. ती सोसायटीच्या भिशीतून किंवा दागिना मोडून आणू नका. दोन-तीन महिने थांबून जमवा. ‘हेवी डिपॉझिट द्या, भाडंच नको’ असं कुणी म्हटलं तर माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. पाच-सात लाख एका अनोळखी माणसाकडे अडकवायचे आणि त्याच्या घरावर बँकेचं किती कर्ज आहे हे आपल्याला माहीत नसायचं, हा व्यवहार भाडेकरूच्या फायद्याचा नाही.

करार: बॉण्डवर भागत नाही

आपल्याकडे शंभराच्या बॉण्डवर अकरा महिन्यांचा करार लिहितात, नोटरी करतात, संपलं. पुष्कळदा तेवढंही होत नाही, गल्लीत घर शब्दावर मिळतं. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते, आणि ती करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. घरबसल्या आधार-अंगठ्यावर ऑनलाइन होते. खर्चाची भीती घालणारा मालक भेटला तर त्याच्यासमोर बेरीज करा. भाडं 16,000, डिपॉझिट 50,000, मुदत अकरा महिने: मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या 0.25 टक्के, म्हणजे जेमतेम साडेचारशे. शहरी भागात नोंदणी फी 1,000. वर हाताळणीचे थोडे, एजंट घेतला तर त्याचे. यासाठी वाद घालायची वेळ आली तर घाला, कारण पुढची शाळा, गॅस, बँक, सगळं याच कागदावर चालतं. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगकामाचे पैसे कोण देणार, या दोन ओळी हव्यातच. राहायला जाताना मालकासमोर भिंती, नळ, खिडक्यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी त्याला पाठवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली गेली का, हेही बघून घ्या.

शाळा

टीसी काढताना त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी घेऊनच बेळगाव सोडा. राज्य बदलताना ती मागतात, आणि एका सहीसाठी परत येणं म्हणजे दोन दिवस आणि दोन तिकिटं. टीसीवर मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलंय का, ते तिथेच उभं राहून वाचा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या, म्हणजे वादग्रस्त 865 गावांतल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे, आणि ती मिळवायला असेच दाखले लागतात. मूल नववी-दहावीत किंवा बारावीत असेल तर हलवण्याआधी त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचा. दोन वर्षं आजी-आजोबांकडे ठेवून तिथूनच परीक्षा देणं कधी कधी जास्त फायद्याचं पडतं.

लहान मूल पहिलीत घालायचं असेल आणि उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांसाठी अर्ज करा. तिथे नोंदणी केलेलाच भाडेकरार चालतो आणि शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं. म्हणजे पुन्हा घराच्या जागेवरच येऊन थांबतो आपण. उत्पन्न जास्त असेल तर घराजवळची महापालिकेची किंवा अनुदानित मराठी शाळा आधी बघा. बेळगावात मराठी शाळेसाठी आपण मोर्चे काढतो आणि पुण्यात उतरल्या उतरल्या इंग्रजी शाळेच्या डोनेशनला कर्ज काढतो, हे मला कधी उमगलेलं नाही. जातीच्या दाखल्याचं एक लक्षात ठेवा: कर्नाटकचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. फी-सवलत त्यावर धरून बसू नका.

गाडी

केए-22 किंवा केए-23 ची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात राहणार असेल तर नंबर बदलावा लागतो: मूळ आरटीओची एनओसी, इथला कर, मग तिकडच्या कराच्या परताव्याचा अर्ज. जुनी दुचाकी असेल तर हा व्याप करण्यापेक्षा गावी भावाला द्या आणि इथे सेकंडहँड घ्या.

सामान आणि गॅस

परतीचा रिकामा टेम्पो शोधा, गॅसचं कनेक्शन ट्रान्सफरचा कागद घेऊन बंद करा, लोखंडी कपाट गावीच ठेवा.

धान्य आणि गावच्या फेऱ्या

पुण्यात महिन्याचं वाणसामान सुटं-सुटं आणलं की खिसा फाटतो. आपल्याकडे शेत किंवा शेतकरी पाहुणा असतोच. मे महिन्यात एकदाच खानापूरकडचा तांदूळ, ज्वारी, शेंगा, गूळ आणि संकेश्वरी मिरचीची वर्षाची चटणी भरून आणा. सामानाच्या टेम्पोतच चढवा, वेगळं भाडं लागत नाही. तांदळात कडुनिंबाचा पाला आणि ज्वारीला चांगलं ऊन, एवढं केलं की पावसाळा निघतो. धायरीतल्या फ्लॅटमध्ये पोती कुठे ठेवू, असं विचारणाऱ्या वहिनींना मी दिवाणाचा खण दाखवते.

गावी जाण्याचा खर्च मात्र लोक मांडतच नाहीत. गणपती, दिवाळी, जत्रा, भावकीतली लग्नं, कुणाचं आजारपण. वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि ती रक्कम भाड्याबरोबरच दर महिन्याला बाजूला काढा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. म्हणून पुण्याहून कोल्हापूर-निपाणीपर्यंत एसटीनं यायचं आणि निपाणीतून पुढे कर्नाटकची साधी बस पकडायची. ज्यांच्या आधारवर अजून कर्नाटकचा पत्ता आहे त्या आई-सासूबाईंना पुढचं तिकीटच पडत नाही. वेळ जास्त जातो, पैसे वाचतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडतं, तेव्हा चतुर्थीला निघायच्या तारखेतून 60 वजा करून तो दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिहा आणि त्या सकाळी आठला मोबाइल हातात धरून बसा. साडेआठला वेटिंग लागलेलं असतं.