विक्काबद्दल वाचता-लिहिताना या चुका टाळा

पहिली चूक भाषांतरातच होते. ‘विच’ म्हणजे चेटकीण, म्हणून विक्का म्हणजे चेटूक. मग ओघानेच करणी, भानामती, बाहुलीला टोचलेल्या टाचण्या. प्रत्यक्षात विक्का हा इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात उभा राहिलेला धर्म आहे. त्यातले बरेच जण स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवतात. आपल्याकडे ‘डाकीण’ कुणी स्वतःला म्हणवत नाही. तो शिक्का दुसरे मारतात आणि त्यापायी बायकांचे जीव गेले आहेत. म्हणून मी सरळ विक्का, विक्कन असंच लिहितो.

दुसरी चूक जास्त गोड आहे. हा हजारो वर्षांचा, चर्चपासून लपवून जपलेला धर्म, ही ती गोष्ट. इजिप्तच्या अभ्यासक मार्गारेट मरे यांनी १९२१ साली ती मांडली. इतिहासकारांनी पुढे ती खोडून काढली, पण तोवर ती रुजली होती. मलायात जकात खात्यात नोकरी केलेले जेराल्ड गार्डनर सांगत, की १९३९ मध्ये इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागातल्या ‘विच’ लोकांच्या एका जुन्या मंडळाने त्यांना दीक्षा दिली. ब्रिटनमधला १७३५ चा जादूटोण्याचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. त्यांच्या विधींचा बराच मजकूर ॲलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढविद्यावाद्याच्या लेखनातून उचललेला होता. गार्डनरांकडून दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएन्टे यांनी तो ओळखला, काढला आणि नव्याने लिहिला. धर्म नवा असण्यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

‘नव्वद लाख चेटकिणी जाळल्या’ हा आकडा तर कृपा करून पुढे ढकलू नका. युरोपातल्या बळींचा आजचा अंदाज साधारण चाळीस ते पन्नास हजारांचा आहे, त्यात पुरुषही होते. इंग्लंडमध्ये शिक्षा सहसा फाशीची असे.

सैतानाचं म्हणाल तर तो ख्रिस्ती कल्पनेतला. विक्कात त्याला जागाच नाही. विक्कातला शिंगांचा देव दिसला की गल्लत होते, एवढंच.

सणांच्या तारखाही डोळे मिटून उचलू नयेत. साउइन हा सण ३१ ऑक्टोबरचा, हिवाळ्याच्या तोंडावरचा. ऑस्ट्रेलियातले अनेक विक्कन तो एप्रिलअखेरीस पाळतात, कारण त्यांचा हिवाळा तेव्हा येतो. मुंबईत ३१ ऑक्टोबरला मात्र घामाच्या धारा.

आणि घरबसल्या ‘गार्डनरी दीक्षा’ देणारं प्रमाणपत्र विकत घेऊ नका. त्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत आणि ती मंडळातली दीक्षित व्यक्तीच समोरासमोर देते.